मित्राला मुहूर्त नसतो

वसंत ऋतूची एवढी कीर्ती ज्यांनी पसरवली, त्यांच्या नावावर बहुधा सातबारा नसावा. मार्च लागला की सातपुड्याच्या पायथ्याला पळस फुलतो, हे खरं. पण वर सोनाळा-टुनकीपासून खाली खारपाणपट्ट्यातल्या गावांपर्यंत बुलढाणा जिल्ह्यातला सगळा संग्रामपूर तालुका पालथा घातला तरी त्या पळसाकडे मान वर करून बघायला मोकळा असलेला माणूस सापडणं कठीण. हरभरा सोंगून पडलेला असतो आणि नेमकं आभाळ भरून येतं. गहू उभा असतो आणि हार्वेस्टरवाला ‘उद्या येतो’ असं सांगून तीन गावं पुढे गेलेला असतो. कांदा काढायला बाया मिळत नाहीत, कारण त्याच बाया हरभऱ्यात असतात. घरात एक दहावीला, एक बारावीला. पीककर्ज मुदतीत भरलं तर व्याजाची सवलत, म्हणून मार्चअखेरीस सोसायटीच्या दाराशी गर्दी. गच्चीवर कुरड्या वाळत असतात आणि त्यांच्या राखणीला एक माणूस कायम अडकलेला असतो. या सगळ्याच्या वर लग्नं. लग्नं, साखरपुडे, तेरव्या, भागवत सप्ताह, काल्याचं कीर्तन, रामनवमीला शेगाव, १४ एप्रिलची मिरवणूक. एवढ्यातून माणसानं घर सांभाळावं, सोयरे सांभाळावेत, मित्र सांभाळावेत आणि जमलंच तर स्वतःची कंबर सांभाळावी, अशी समाजाची माफक अपेक्षा असते. पुण्या-मुंबईहून यावर एक सल्ला नेहमी येतो, की वेळेचं नियोजन करा. माझं म्हणणं असं की आमच्याकडे, घाटाखालच्या या भागात, हा सल्ला लागू पडत नाही. तो का लागू पडत नाही हे नीट पाहिलं, तर या धामधुमीत कोणतं नातं कशाच्या जोरावर टिकतं तेही कळतं. कामाला हंगाम असतो, सोयऱ्याला मुहूर्त असतो, मित्राला दोन्ही नसतं. म्हणून वसंतात मित्र टिकवायचा असेल तर त्याला कामाला लावणं एवढा एकच मार्ग उरतो.

नियोजनाचं आधी उरकून टाकू. वेळेचं नियोजन करायचं तर वेळ आपल्या ताब्यात असावा लागतो, आणि इथे तो पंचांगाच्या ताब्यात असतो. २०२६ सालचंच पंचांग घ्या. गुढीपाडवा १९ मार्चला, अक्षय तृतीया १९ एप्रिलला, आणि १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. अधिक महिन्यात लग्न नाही, आणि तो संपतो तेव्हा मृग लागून गेलेला असतो. मग नवरदेवाचं लक्ष बाशिंगाकडे कमी आणि ढगाकडे जास्त. म्हणजे एरवी जूनपर्यंत ऐसपैस पाय पसरून बसणारी लग्नसराई मेच्या मध्याच्या आत दाटीवाटीनं बसवायची. अक्षय तृतीया तर रविवारी आलेली: मुहूर्तही आणि सुट्टीही. अशा दिवशी एका घरात तीन पत्रिका येणं ही अडचण मानली जात नाही. दोनच आल्या तर घराची पत कमी झाली की काय अशी शंका येते. त्याच संध्याकाळी शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळची घटमांडणी असते. शेतात घट करून, पाण्याची घागर ठेवून, भोवती अठरा प्रकारची धान्यं मांडतात. पापड, कुरडई, करंजी, पानसुपारीही ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांत झालेले बदल पाहून पाऊसपाण्यापासून राजापर्यंत सगळ्यांचं भाकीत सांगतात. त्या भाकितावर विश्वास ठेवावा की हवामान खात्याच्या एप्रिलमधल्या अंदाजावर, हा वाद वेगळा. पण एका तिथीच्या तीन लग्नांपैकी कुठे जावं याबद्दल घट आणि उपग्रह दोघेही मौन पाळतात. त्यात हमीभावाच्या हरभऱ्याचा मेसेज. ५,८७५ रुपये क्विंटलनं विकायचा म्हणून नोंदणी केलेली असते, माल अमुक दिवशी घेऊन या असं मोबाइलवर कळतं, आणि तो अमुक दिवस कुणाच्या तरी हळदीचाच असतो. मेसेज पाठवणाऱ्या यंत्रात गुरुबळ बघायची सोय नाही.

मग हे सगळं निभतं कसं? निभतं, कारण इथे वेळेची वाटणी होतच नाही, माणसांची होते. लग्नाला व्यक्ती हजर राहत नाही, घर हजर राहतं. परराष्ट्र खात्यानं राजदूत नेमावेत तसं आदल्या रात्री जेवणं झाल्यावर प्रत्येक लग्नाला एकेक प्रतिनिधी नेमला जातो. सख्ख्या भाच्याच्या लग्नाला घरचा कर्ता. चुलत साडूच्या मुलीला थोरला मुलगा. ज्यांनी आपल्याकडे गेल्या वर्षी नुसतंच पोरगं पाठवलं होतं, त्यांच्याकडे आपलंही नुसतंच पोरगं. त्याला आहेराचं पाकीट, पाकिटावर नाव, आणि ‘जेवून लगेच निघ’ ही सूचना. पत्रिका देणारा ‘चूलबंद आहे बरं’ असं बजावून गेलेला असतो, म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं आणि चूल पेटवायची नाही. पण तीन घरांची चूलबंद निमंत्रणं एकाच दिवशी आली तर चूल बंद आणि घर तीन दिशांना, एवढाच त्याचा अर्थ उरतो. शिवाय एक माणूस घरी ठेवावाच लागतो. खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं पाणी खारं, प्यायचं पाणी वान धरणावरून नळानं यायचं. आणि ‘आज नळ येणार आहे’ हे कारण तालुक्यात तेरवीलाही चालतं.

या नेमणुकांमागे अर्थशास्त्रही आहे. ऑगस्ट २०२२ पासून एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. त्यामुळे घरातला सगळ्यात स्वस्त राजदूत म्हणजे आजी, त्यानंतर आई, आणि पूर्ण भाड्याचा कर्ता पुरुष ही चैन ठरली. शेगावच्या गाडीसाठी वरवट बकालच्या स्टँडवर लग्नसराईत नजर टाकली तर हे आपोआप पटतं: नऊवारी आणि पाचवारीची दाटी, आणि मधे एखादा पुरुष, चेहऱ्यावर पूर्ण तिकिटाची खंत. सवलत देताना सरकारच्या मनात काहीही असो, वऱ्हाडातल्या घरांनी तिचा पहिला उपयोग सोयरे सांभाळण्यासाठी केला. मान मात्र तसाच राहिला आहे. फुकट आलेली आजी मांडवात पोचली की कर्त्या पुरुषापेक्षा चार बोटं जास्तच मान घेते, कारण नवरीच्या आजीच्या लग्नात काय रुसवाफुगवा झाला होता हे आता तिला एकटीलाच ठाऊक असतं.

घर हजर होतं की नाही, याचा पुरावा म्हणजे आहेराची वही. कुणी किती दिलं, टॉवेल-टोपी की भांडं की पाकीट, हे तिच्यात उतरतं, आणि वर्षांनी त्यांच्याकडचं कार्य निघालं की ती वही पत्र्याच्या पेटीतून बाहेर येते. देणं, घेणं आणि परत करणं या तिन्ही गोष्टी बंधनकारक असतात, असं मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९२५ मध्ये भेटवस्तूंवरच्या आपल्या निबंधात मांडलं आणि जगभरचे विद्वान विचारात पडले. आमच्या पेटीतल्या वह्यांना त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. त्यांत ते सव्याज लिहिलेलं होतं. सोयरिकीचं हेच बळ आहे. ती प्रेमावर अवलंबून नाही, नोंदीवर आहे. दोन व्याही एकमेकांशी वर्षभर बोलत नसले तरी वहीतल्या पाचशे एक रुपयांना पाचशे एक रुपयांनी उत्तर जातंच, आणि अबोल्यातली सोयरिकसुद्धा चालू खात्यात राहते.

आता या वहीत मित्र शोधा. सापडत नाही. फार तर शेवटच्या पानावर ‘मित्रमंडळ – एक भिंतीवरचं घड्याळ’ अशी एक ओळ, आणि त्या घड्याळामागे अकरा जणांची वर्गणी. पत्रिकेतही तीच गत. वर कुलदैवतं, मग आजोबा-पणजोबांची कैलासवासी फळी, मग निमंत्रक, मग काका, मामा, आत्या, मावश्या, मग ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी, अजून बोलताही न येणारी चिमुकली. आणि अगदी तळाशी, छापखान्याच्या नावाच्या जरासं वर, ‘व समस्त मित्रपरिवार’. ज्याच्या मोटारसायकलवर बसून या सगळ्या पत्रिका गावोगाव वाटल्या, त्याला त्या पत्रिकेत नाव नाही. गंमत अशी की आहेराची वही लिहायला बसलेला असतो तोही बहुतेक मित्रच. अक्षर बरं, हिशोब चोख आणि पाकिटातल्या पैशांच्या बाबतीत भावकीपेक्षा भरवशाचा, म्हणून त्याला बसवतात. सगळ्या गावाची देणी-घेणी तो लिहितो आणि स्वतः वहीच्या बाहेर राहतो.

म्हणून वसंतात पहिला बळी मैत्रीचा जायला हवा. तिला तिथी नाही, वही नाही, व्याज नाही. ‘मित्राला भेटायला जातो’ हे कारण हरभरा पडलेला असताना बापाला सांगून पाहावं. आणि तरीही मैत्री मरत नाही, उलट लग्नसराईतच ती सगळ्यात टवटवीत दिसते. कारण तिनं दुसऱ्यांच्या हंगामात आणि दुसऱ्यांच्या मुहूर्तात घुसून बसायची युक्ती काढली आहे. मित्र पाहुणा म्हणून येऊच शकत नाही, म्हणून तो कामकरी होऊन येतो. बिछायत केंद्रातून सतरंज्या, कढया, घंगाळं आणतो. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून गोड्या पाण्याचा टँकर सांगतो, आणि तो आला नाही तर स्वतः ट्रॅक्टर काढतो; माझ्या मते खारपाणपट्ट्यात मैत्रीची खरी परीक्षा हीच. पंगतीत बकेट घेऊन फिरतो आणि वांग्याच्या भाजीतल्या फोडी कुणाला आणि नुसता रस्सा कुणाला, हा न्यायनिवाडा जागच्या जागी करतो. रुसलेल्या जावयाला गाडीत नेऊन समजावतो; समजण्याच्या पलीकडे गेलेल्या एखाद्या काकांना त्याच गाडीत झोपवून ठेवतो. दुसऱ्या दिवशी बिछायतवाल्याला भांडी मोजून देताना सात चमचे कमी भरतात, तेव्हा ते सात चमचे शोधणारा शेवटचा माणूसही तोच.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तोंडओळखीचा माणूस जुजबी मित्र व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात आणि जिवलग व्हायला २०० तासांहून अधिक, असा त्यांचा हिशोब. नोकरीत बरोबर घालवलेले तास त्यात फारसे उपयोगी पडत नाहीत, असंही त्यांना दिसलं. इथे आक्षेप निघेल की मग मांडवातले तास तरी कसे मोजायचे, तेही कामच. पण मांडवातल्या कामाला साहेब नसतो, पगार नसतो आणि सुटीची वेळ नसते. रात्री दोनला आचाऱ्याबरोबर कांदे चिरत बसलेली चार पोरं जे बोलतात ते कचेरीत बोलता येत नाही. मांडव घालण्यापासून चमचे मोजण्यापर्यंत एका लग्नाला साठ-सत्तर तास सहज लागतात. तीन लग्नांत जिवलग मित्र तयार. कॅन्ससला यासाठी किती वर्षं लागत असतील कोण जाणे.

यावर सगळ्यात जोरदार आक्षेप असा, की ही मैत्री नसून वेठ आहे. गोड बोलून फुकटात माणसं राबवायची आणि त्याला जिव्हाळा म्हणायचं. आक्षेपात तथ्य आहे. दर गावात दोन-चार जण असे असतात की ज्यांच्यावाचून एकही मांडव उभा राहत नाही, आणि दहा-वीस असे की ज्यांची मैत्री पंगत बसली की उगवते आणि ‘जरा खरकटं उचलू लाग’ म्हटलं की मावळते. पण वेठ आणि मैत्री वेगळी ओळखायची एक सोपी खूण आहे. ज्याला काम सांगितलं नाही तो काय करतो ते पाहावं. वेठीला आपल्याला बोलावलं नाही म्हणून जगाच्या इतिहासात कुणी रुसल्याची नोंद नाही. इथे मात्र ‘मले काहून नाही सांगतलं?’ या एका प्रश्नावर वर्षानुवर्षांचे अबोले उभे आहेत. पत्रिका मिळाली नाही तर मित्र हसून सोडून देतो. पत्रिका वाटायला बोलावलं नाही तर सोडत नाही. उलट बाजूनं पाहा. ज्या घरांनी ऐपत आल्यावर केटरर लावला, बुफे मांडला आणि पोरांना सांगितलं की तुम्ही आता नुसतं मजेत राहा, त्या घरच्या लग्नात मित्रांचं काय झालं? हातातली बकेट गेली आणि त्या रिकाम्या हातांना डीजे सापडला. वरात जी दोन-दोन तास एकाच चौकात अडकते, तिचं मूळ दारूत आहे असं म्हणतात. मला ते बेरोजगारीत दिसतं.

आणखी एक गोष्ट आहे, जी हसण्यावारी नेऊ नये. मांडवातले सोयरे एकाच जातीचे असतात. सोयरिक जातीतच होते, निदान अजून बहुतेक ठिकाणी. मित्राला ही अट नाही. तेव्हा मांडवात दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या धर्माचा जो माणूस कोठीघरापर्यंत बिनदिक्कत जातो, तो बकेट घेतलेला मित्र असतो. तो पाहुणा म्हणून आला असता तर आदरानं खुर्चीवर, मांडवाच्या कडेला बसवला गेला असता. काम करायला आला म्हणून आत आला. उलट फेड १४ एप्रिलला होते. मिरवणुकीच्या वाटेवर थंड पाण्याचे जार लावून जे उभे असतात, त्यांत हे मांडवातले चेहरे दिसतात. सगळीकडे असं होतं असा दावा करणं खोटं ठरेल. जिथे होतं तिथे निमंत्रणापेक्षा कामानं ते जास्त घडवलंय, एवढंच म्हणता येईल.

दुसरा आक्षेप बायकांकडून येतो, आणि तो पहिल्याहून अवघड आहे. पुरुषाचा मित्र गावातच असतो; बाईची मैत्रीण लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली असते, आणि ती स्वतःही. वानखेडची मुलगी सोनाळ्यात, तिच्या बाकावरची पातुर्ड्याची तेल्हाऱ्याकडे, तिसरी थेट नांदुऱ्यात. सासरच्या वहीत या मैत्रिणी नाहीत, पत्रिकेच्या तळाच्या ‘समस्त मित्रपरिवारा’तही नाहीत. गावात पापड-शेवयांच्या दिवसांत आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या गच्चीवर असं सावडीचं काम चालतं आणि त्यात जावा-शेजारणींची मैत्री होते, हे माझ्या म्हणण्याला धरूनच आहे. कुरडईचा चीक घोटता घोटता गावातल्या निम्म्या संसारांचा लेखाजोखा होतो. पण शाळेतल्या मैत्रिणीला चीक घोटायला बोलावता येत नाही. तिची गाठ पडते ती एकाच ठिकाणी: ज्या लग्नाला दोन्ही सासरांचं घर हजर राहणं भाग आहे तिथे. म्हणून अर्ध्या तिकिटावर लांबच्या लग्नाला जायला घरातली सून इतकी राजी का, याचं कोडं ज्या पुरुषांना पडतं, त्यांनी मांडवाच्या मागच्या बाजूला, हात धुवायच्या ड्रमाजवळ जाऊन पाहावं. सासूच्या चुलत भावाच्या नातवाचं लग्न हे निमित्त असतं. दोघी तिथे उभ्या असतात, मंगलाष्टकं संपली याचं भान नसतं, आणि घरी परतल्यावर ‘नवरी कशी होती’ या प्रश्नाला ‘चांगली होती’ इतकंच उत्तर मिळतं. पुरुषाची मैत्री कामाच्या आडून चालते, बाईची नात्याच्या आडून. उघड्यावर दोन्हीही चालत नाहीत. बाईची जास्त महागात पडते, हे मान्य करायला हवं. पुरुषाच्या मैत्रीला कुणी शेवटच्या गाडीची वेळ विचारत नाही.

तिसरा आक्षेप सुधारकांचा. इतके कार्यक्रम हवेतच कशाला? पन्नास माणसांत लग्न उरका, उरलेला वेळ घराला द्या, मित्राला द्या. हा प्रयोग होऊन गेला आहे. २०२० च्या उन्हाळ्यात करोनामुळे लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये ती पंचवीसवर आली, समारंभ दोन तासांत उरकायचा, नियम मोडला तर पन्नास हजार दंड. शंभर वर्षांत समाजसुधारकांना जे जमलं नाही ते एका सरकारी आदेशानं केलं. खर्च वाचला, वेळ वाचला, जिवाच्या भीतीत दुसरं काही सुचतही नव्हतं हे खरं. पण त्या पंचवीसांत कोण बसले? दोन्हीकडचे आईबाप, भाऊबहिणी, मामा, आत्या, भटजी. मित्र पहिल्या कात्रीत गेला. जिथे माणसं मोजून घ्यायची तिथे वही जिंकते, हे त्या दोन उन्हाळ्यांनी दाखवून दिलं. हजार माणसांच्या ढिसाळ लग्नात मित्राला जागा असते ती त्या ढिसाळपणामुळेच. सुटसुटीत लग्नाचे मी इतर सगळे फायदे मान्य करतो, कर्जाचा तर आधी. पण त्यातून वाचलेला वेळ मित्राला मिळतो हा फायदा कुणी सांगू नये. सुटसुटीतपणाचा आणखी एक, वेगळा नमुना वर सातपुड्यात पाहायला मिळतो. तिथला कोरकू आदिवासी माणूस कुठेही मजुरीला असला तरी होळीला हातातलं काम ठेवून गावी परततो. वाट बघायची तयारी मालकानं ठेवायची. सगळ्यांनी एकदमच काम थांबवलं तर कुणालाच कशाचा समतोल साधावा लागत नाही. खाली सपाटीवर हे कुणी करून दाखवलेलं नाही, कारण सपाटीवर प्रत्येकाला वाटतं की इतरांनी थांबावं आणि आपला तेवढा हरभरा निघावा.

इथे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांची आठवण काढणं भाग आहे, कारण मराठी विनोदी लेखाचे हे जनक शेजारीच, जळगाव जामोदला आणि खामगावला वकिली करत होते. ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये त्यांनी सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे तीन मित्र उभे केले, आणि या तिघांना एकमेकांसाठी वेळच वेळ. माझ्या सिद्धांताला हे मोठंच भगदाड वाटेल. पण नुसते गप्पा मारायला म्हणून हे तिघं फारसे भेटत नाहीत. एखादी रूढी, एखादा सण, एखादं संमेलन यांच्या मागे लागून त्यांची मैत्री चालते. निमित्ताचं काम त्यांनाही लागलंच. कोल्हटकर ज्योतिर्गणिताचेही अभ्यासक होते, त्या विषयावर त्यांनी पुस्तक लिहिलं. ग्रहांची गती काढणाऱ्या या गृहस्थांनी एका तिथीच्या तीन लग्नांचं गणित सोडवून ठेवलं असतं तर तालुक्यावर उपकार झाले असते.

पंचांगानंच कधीतरी उसंत दिली तर, असंही एक विचारलं जातं. दिली होती. २०२४ च्या मे महिन्यात गुरू आणि शुक्र दोघेही अस्तंगत होते, मुहूर्त नव्हते. लोकसभेचं बुलढाणा मतदारसंघातलं मतदानही २६ एप्रिललाच उरकलं होतं. लोक निवांत बसतील असं वाटावं. तर गौण मुहूर्तांची चौकशी सुरू झाली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, लग्नं नाहीत, हरभरा गेलेला, पेरणी दूर. पण अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, आणि धोंड्याच्या जेवणाला जावई येणार. त्याला तेहतीस अनारसे, चांदीचं काहीतरी, म्हणजे खामगावची एक फेरी आली. मेअखेरच्या उन्हात जावई एकटा येत नाही. गाडी चालवायला त्याचा मित्र असतो. हा मित्र सासरच्यांना वहीत कुठे घालावा ते कळत नाही. जावयाच्या पानाशेजारी त्याचं पान मांडतात, पुरणाचे धोंडे त्यालाही वाढतात, पण तेहतीस अनारशांतले त्याचे किती, याबद्दल शास्त्र गप्प आहे. आजी आपल्या अखत्यारीत चार काढून त्याच्या हातावर ठेवते, तो कुणाचा कोण, गाव कोणतं हे विचारून घेते, आणि तो चप्पल घालायला वाकला की म्हणते, ‘‘बापू, जाता जाता वरवटले आमच्या पोरीकडे एवढं गव्हाचं पोतं टाकून देजो.’’